नावाची खूण

धनुबाईचा हात हलत नाही, हे डॉक्टर खांबेट्यांच्या लवकरच ध्यानात आलं. गावाला ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त गावाचं म्हणणं वेगळं होतं. गाव म्हणे, हिचं काळीजच हलत नाही.

बाई कळसाडीची लेक, आणि सारंगखेड्याच्या अंगाला एका खात्यापित्या घरात दिलेली. घरी कापसाची शेती, दावणीला बैल, दारात घोडी. नवऱ्याचं नाव मी आत्ताच सांगत नाही. तिनं ते कधी घेतलं नव्हतं, मग मी कशाला आगाऊपणा करू? पुढे एक दिवस तिनं ते घेतलं. तेव्हा तुम्हालाही ऐकू येईल.

तिला एक मुलगी झाली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सणाला ती पोरीला घेऊन माहेरी कळसाडीला आली, आणि तिथंच पोर हिवतापानं गेली. पहिला दातही आला नव्हता. बायका जमल्या. आमच्या मुलखात अशा वेळचं रडणं म्हणजे औषधच. आई रडली नाही तर दुःख आत मुरतं आणि बाई वेडी होते, असं बायका सांगतात. म्हणून सगळ्यांनी मिळून धनुबाईला रडवायला घेतलं. एकीनं पोरीचं झबलं तिच्या तोंडापुढे धरलं. दुसरीनं दंडाला कचकचून चिमटा काढला. "रड वं माय, रड. नही तं याडी व्हई जाशी," असं म्हणत तिच्या चुलत आजीनं तर खाडकन मुस्काटात दिली. धनुबाईनं गाल चोळला आणि विचारलं, "चुल्हावर दूध शे. उतारं का कोनी?"

त्या दिवसापासून ती तशीच राहिली. स्वयंपाक वेळेवर, गोठा साफ, मोठ्यांच्या डोळ्यांदेखत पदर डोईवर. कसूर कुठं म्हणून नाही. पण नवरा बोलला तर ती ऐकून घेई, आणि न बोलला तरी तिचं काही अडत नसे. तो काही दुष्ट माणूस नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. त्यानं बरीच वाट पाहिली. मग एकदा ओट्यावर बसून चारचौघांत म्हणाला, "घरमा बाई शे का खांब शे, तेच समजत नही माले." चारचौघांनी जे सुचवायचं ते सुचवलं. तो दुसरी करून आला. सुंदरबाई तिचं नाव.

त्या लग्नात मांडे धनुबाईनं केले. चुलीवर खापर उपडं ठेवून त्यावर भला मोठा मांडा टाकायचा, ते काम येरागबाळ्याचं नव्हे. पंगत उठली तेव्हा कुणीतरी ओरडलं, की हिच्या मनगटाला केवढा फोड आलाय बघा. धनुबाईनं मनगट वळवून पाहिलं. फोड होता खरा. कधी भाजलं ते तिला सांगता आलं नाही.

मग भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. पण भावजयीच्या राज्यात नणंदेला किती दिवस जागा मिळते हे मी सांगायला नको, घरोघरी मातीच्या चुली. सारंगखेड्याला उमेदमल शेठनं आपल्या आईच्या नावानं धर्मादाय दवाखाना काढला होता, तिथं पाणी भरायला आणि फरशी पुसायला बाई हवी होती. भावानं तिला तिथं नेऊन सोडलं. साल असेल एकोणीसशे तीसच्या आगेमागे.

दवाखान्यात माणसं तीन. डॉक्टर खांबेटे पुण्याकडचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हुशार आणि तापट. कंपाउंडर छगनलाल शेठच्या नात्यातला. आणि सरलाबाई, बायकांच्या खोलीचं पाहणारी, तोंडानं फटकळ पण मनानं लोण्याची. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना मदत करायची ती छगनलालनं. पण रक्त दिसलं की छगनलालचे हात पिंपळपानासारखे थरथरत, आणि एकदा तर तो रोग्याच्या आधी खाली पडला. त्या दिवशी डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं तर धनुबाई रक्तानं भरलेलं घमेलं उचलून निघाली होती. घमेल्यातल्या रक्ताला लाटसुद्धा नव्हती.

"इकडे ये," डॉक्टर म्हणाले. "ही बाटली धर. थेंब पाड. एक एक."

तिनं पाडले. ओळीनं, सारखे, न चुकता.

तेव्हा माणसाला झोपवून कापायचं म्हणजे क्लोरोफॉर्म. तारेची एक जाळी, तिच्यावर फलालीनचा तुकडा. जाळी नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतून थेंब थेंब सोडायचं. कमी पडलं तर रोगी सुरीखाली जागा होतो, आणि जास्त पडलं तर पुन्हा कधीच जागा होत नाही. या दोहोंमधली वाट बांधाएवढी अरुंद, आणि त्या बांधावरून चालायला डॉक्टरांना न हलणारा हात हवा होता. अशी धनुबाई क्लोरोफॉर्म देणारी झाली. ज्या गुणापायी नवऱ्यानं टाकली, त्याच गुणापायी दवाखान्यानं ठेवून घेतली.

डॉक्टरांना आणखी एक नाद होता. ते म्हणत, पुस्तकात जे थेंब लिहिलेत ते थंड मुलखातले. आमच्याकडे वैशाखात बाटलीचं बूच काढलं की अर्धं औषध वाऱ्यावर. मग खानदेशात उन्हाळ्यात किती लागतं आणि हिवाळ्यात किती, गड्याला किती आणि बाईला किती, याचा त्यांना नीट तक्ता करायचा होता आणि मुंबईच्या डॉक्टरी मासिकात छापून आणायचा होता. त्यासाठी सगळ्यांना झोप लागल्याची खूण एकच हवी. त्यांनी ठरवलं, रोग्याला अंक मोजायला लावायचे. मोजता मोजता जीभ थांबली की झोप लागली. तोवर पडलेले थेंब लिहून घ्यायचे.

गडीमाणसांचं ठीक चाललं. कापसाच्या गाड्या मोजणारी माणसं ती, शंभराच्या पुढेही जात. पहिली बाई आली ती गजराबाई, छातीला गळू झालेली. धनुबाईनं जाळी धरली, थेंब सुरू झाले, गजराबाई मोजू लागली. एक, दोन, तीन. धा, अकरा. ईसपर्यंत आली आणि गप्प. डॉक्टर खूश. म्हणाले, बायकांना लवकर लागतं म्हणजे! आणि त्यांनी सुरी लावली.

गजराबाई ताडकन उठून बसली. तिनं डॉक्टरांचा चष्मा उडवला, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि जाळी भिंतीवर भिरकावली. "मेल्या, झोपनी कोन म्हने तुले?"

"अगं, पण तू मोजायची थांबलीस!"

"ईसना फुडे माले येत नही! मी काय करू?"

सरलाबाई तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. पुढे आठवडाभर तिला ईस म्हटलं की हसू फुटे. धनुबाईनं भिंतीजवळची जाळी उचलून सरळ केली आणि नवा फलालीनचा तुकडा लावला.

बायकांसाठी दुसरी खूण हवी होती, आणि ती डॉक्टरांना आपसूक सापडली. तीजाबाई नावाची मारवाडी घरची सून आली. डॉक्टरांनी लिहून घेण्यासाठी विचारलं, नवऱ्याचं नाव काय? तीजाबाईनं पदराचा कोपरा दातांत धरला आणि मान खाली घातली. आता नवऱ्याचं नाव बाईमाणूस घेतं का? पुण्याच्या माणसाला एवढंही कळू नये! थोरल्या लेकाचं नाव आईनंही घेऊ नये अशी रीत, म्हणून शेवटी तिची सासू दारातून म्हणाली, "कुकूना जो रंग शे तो, आनी आभायमा पुनवले जो दिसस तो." डॉक्टर चक्रावले. छगनलालनं हळूच सांगितलं, लाल आणि चंद. लालचंद.

मग तीजाबाईच्या तोंडावर जाळी आली. थोडे थेंब पडले, अंग सैल झालं, आणि ही बाई, जी मघाशी दातांतून पदर सोडत नव्हती, ती मोठ्यानं म्हणाली, "लालचंद!" चांगलं खणखणीत, शेतातून गड्याला हाक मारावी तसं. दारात सासूनं कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी सुरी लावली. तीजाबाई हलली नाही.

झालं, खूण मिळाली. डॉक्टर नाचायचेच बाकी राहिले. त्यानंतर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत, "बाईच्या अंगातलं सगळ्यात जागं काय असेल तर लाज. ती झोपली की सगळं झोपलं. ज्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव सरळ येतं, तिला कापलं तरी कळत नाही." आणि उलटंही तसंच. शुद्धीवर येणारी बाई आधी ओके, मग रडे, आणि सगळ्यांत शेवटी तिचा हात आपोआप पदराकडे जाई. पदर डोक्यावर आला की डॉक्टर म्हणत, "लाज आली. आता घरी न्या."

मग नेम ठरून गेला. जाळी धरण्याआधी धनुबाई विचारी, "तुन्हा घरवालानं नाव काय वं?" बाई लाजे, तोंड फिरवी. थेंब पडत. धनुबाई पुन्हा विचारी, आणि केव्हातरी नाव येई. कोंडाजी, भटू, उदेसिंग, दलसिंग. सगळ्या पंचक्रोशीतल्या नवऱ्यांची नावं तिनं बायकांच्या तोंडून ऐकली. कुणी नाव घेताना हसे, कुणी नावाला जोडून शिवी हासडी. धनुबाई ऐकून घेई आणि डॉक्टरांना म्हणे, "उनं." नाव आलं.

त्यात फक्त एकदा घोळ झाला. दगूबाईचं नाव काही येईना, पण तिची मान कलंडली, डोळे फिरले. धनुबाई म्हणाली, "झोपनी, साहेब." डॉक्टरांनी सुरी लावली आणि दगूबाईनं अशी काही उसळी घेतली की सुरी भलत्याच जागी घुसली आणि डॉक्टरांचंही बोट चिरलं. दगूबाई वाचली, पण पुढे कितीतरी दिवस ती कण्हत पडून होती. त्या दिवशी डॉक्टर धनुबाईवर कडाडले, "तुला काय वाटतं ते मला नको! मला नाव पाहिजे. आणि तेही मी माझ्या कानांनी ऐकेन, मगच हात लावीन."

धनुबाई "बरं" म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर दगूबाईचंही वाईट वाटलं नाही. खाटेशी बसून तिला पाणी पाजताना धनुबाई मनात शोधत होती, वाटतंय का काही? पण मनात रिकाम्या कणगीसारखं सगळं कोरडं होतं. एवढं मात्र तिला कळलं, की आपलं असं होणं बरं नाही. ते कळणंही लांबून आल्यासारखं होतं.

मग मार्गशीर्षातली जत्रा आली. सारंगखेड्याची जत्रा म्हणजे दत्ताचं दर्शन एकीकडे आणि घोड्यांचा बाजार एकीकडे. लांबलांबचे घोडे येतात, त्यांना नाचवतात, पळवतात. दवाखान्याला त्या दिवसांत दम खायला फुरसत नसे. कुणाला लाथ, कुणाला चावा, कुणी मस्तीत घोड्यावर चढला आणि मातीत लोळला. त्यात एका दुपारी आरडाओरडा करत माणसं एक खाट घेऊन आली. नवखा घोडा बिथरून एका बैलगाडीवर गेला होता, गाडी उलटली होती आणि खाली एक बाई सापडली होती. तिच्या नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलेलं, आणि खाटेच्या सुंभातून रक्ताची धार.

खाटेचा पुढचा पाय ज्यानं धरला होता, तो धनुबाईचा नवरा होता. आणि खाटेवर सुंदरबाई.

त्यानं धनुबाईला पाहिलं. ती इथं काम करते हे त्याला ऐकून माहीत असणार, पण घाईत आठवलं नसावं. डोक्याचं पागोटं कुठंतरी पडलं होतं. खाटेचा पाय न सोडताच तो म्हणाला, "धनु. तुन्हा हातमा शे."

डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मांडीला पट्टा आवळला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि ओरडले, "जाळी!" सरलाबाईला मात्र सगळं ठाऊक होतं. ती जाळीला हात घालत धनुबाईच्या कानाशी लागली. "तू दूर व्हय माय. मी धरस जाई."

"तुन्हा हात हालस," धनुबाई म्हणाली. "पानी तपाड तू."

तिनं सुंदरबाईचा चेहरा पाहिला. वय कोवळं. हनुवटीवर गोंदण, नाकात नथणी, कपाळीचं कुंकू घामानं ओघळलेलं. ओठांचा रंग गेलेला. नेमाप्रमाणे तिनं विचारलं, "तुन्हा घरवालानं नाव काय वं?"

सुंदरबाईनं डोळे उघडले. तिनंही ओळखलं. क्षणभर तिच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि मग ती पुटपुटली, "तुले तं ठाऊकच शे."

धनुबाईनं जाळी ठेवली. थेंब सुरू केले.

डॉक्टर पायाशी वाकलेले, दोन बोटं जखमेत, फुटलेली रक्तवाहिनी चिमटीत धरून. बोट काढलं की धार उडे, म्हणून मान वर करायची सोय नव्हती. "नाव?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नही उनं."

"टाक."

धनुबाईनं पुन्हा विचारलं. उत्तर नाही. सुंदरबाईचा हात खाटेखाली लोंबू लागला. नखांवर निळी झाक आली. श्वास वर वर चालला होता, दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. रक्त गेलेल्या माणसाला थोडंसंही भारी पडतं, हे डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही. पण दगूबाई त्यांच्या मनातून गेली नव्हती. ही बाई उसळली तर चिमटीतली धार सुटणार आणि ती इथंच संपणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

"झोपनी साहेब," धनुबाई म्हणाली.

"मला नाव पाहिजे म्हणून सांगितलंय ना? आलं का नाव?"

"नही."

"मग टाक!"

आता नीट समजून घ्या, त्या खोलीत काय होतं ते. धनुबाईला काही करायचंच नव्हतं. सांगतात ते करत राहायचं. हुकूम डॉक्टरांचा, नेम डॉक्टरांचा, दवाखाना शेठचा. आणखी काही थेंब, आणि सवत संपली. कुणाचं बोट तिच्याकडे वळलं नसतं. सरलाबाईनंही शपथेवर सांगितलं असतं, साहेब म्हणाले टाक, तिनं टाकलं. आणि सवतीच्या जिवावर उठायला बायांना याहून पुष्कळ कमी निमित्त पुरलेलं आपण ऐकलेलं आहे.

धनुबाईनं बाटली कलती धरून मनात पाहिलं. राग असेल तर आता दिसेल, तिला वाटलं. पण राग नव्हता. दयाही नव्हती. उगाच तिला देवी करू नका, ती तशी नव्हती. तिला फक्त एक बाई मरताना दिसत होती, आणि ती मरू नये एवढं काम होतं. चुलीवरचं दूध उतू जाऊ नये, तसं.

नाव ऐकल्याखेरीज डॉक्टर थांबणार नव्हते. ती खाली वाकली. तिचा गाल जवळजवळ जाळीला टेकला, तो गोड उग्र वास तिच्या नाकात शिरला, आणि फलालीनच्या तुकड्याआडून, जडावलेल्या आवाजात, जसा तिनं एवढ्या बायकांचा ऐकला होता तसा, ती म्हणाली,

"बन्सीलाल."

"आलं," डॉक्टर म्हणाले. "बस."

तिनं बाटली खाली ठेवली, जाळी उचलली, सुंदरबाईची हनुवटी वर केली. श्वास अडला, मग आला, मग पुन्हा आला. डॉक्टरांनी रक्तवाहिनी बांधली, हाड बसवलं. कोपऱ्यात सरलाबाई तापल्या पाण्याचं भांडं हातात घेऊन उभी होती, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. डॉक्टरांना वाटलं, वाफेनं.

जन्मात पहिल्यांदा धनुबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं. असं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात. आता काहीतरी होईल म्हणून ती वाट पाहत राहिली. कान तापतील, जीभ झडेल, निदान छातीत धस्स होईल. काही झालं नाही. तिनं मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं, बन्सीलाल. तांब्या म्हणावं, बादली म्हणावी, तसंच लागलं ते. तेव्हा तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. जिच्या तोंडून नाव सरळ येतं, तिला कापलं तरी कळत नाही. म्हणजे टेबलावर मलासुद्धा तशीच कापली असती तरी चाललं असतं, तिला वाटलं. कुणी म्हणेल, वाफ तिच्याही नाकात गेली होती. गेली असेल. पण ही झोप काही त्या बाटलीतली नव्हती, हे तिचं तिला कळत होतं.

सुंदरबाई जगली. शुद्धीवर येताना ओकली, रडली, आणि बऱ्याच वेळानं तिचा हात पदराकडे गेला. तो पदर धनुबाईनंच तिच्या डोक्यावर सारखा केला, कारण हात तिथवर पोचत नव्हता. डॉक्टरांनी थेंब लिहून घेतले. तो तक्ता मुंबईत छापला गेला की नाही मला ठाऊक नाही. छापला असेल तर त्यात सुंदरबाईच्या रांगेतला आकडा तिचा नाही, दुसऱ्याच बाईचा आहे.

सुंदरबाईचं हाड जुळून आल्यावर बन्सीलाल गाडी घेऊन न्यायला आला. गाडीत गवत पसरलं, सुंदरबाईला बसवलं. मग तो घुटमळत धनुबाईजवळ आला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत असावं, आणि जे सुचलं ते तो बोलला. "तिनी मन्हं नाव लिधं वं. मी खिडकीखाले व्हतू. सोता ऐकं." सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. आवाज त्यानं ओळखला नव्हता. ओळखणार तरी कसा? त्या आवाजात आपलं नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"हा," धनुबाई म्हणाली. "मी बी ऐकं."

गाडीतून सुंदरबाई तिच्याकडे बघत होती. तिला काय ठाऊक होतं, किती ठाऊक होतं, देव जाणे. तिनं हात जोडले. गाडी निघाली.

हिवाळा सरला. कापूस घरात आला, ऊस गेला, ऊन चढलं. वैशाखात बाटलीचं बूच काढलं की औषध उडू लागलं आणि डॉक्टर नव्यानं थेंब मोजू लागले. आखाजीला भाऊ न्यायला आला. पोर गेल्यापासून धनुबाई या सणाला घराबाहेर पडत नसे, पण या खेपेला ती उगाचच बायकांबरोबर निंबाच्या झाडाखाली गेली. झोके बांधलेले. माहेरवाशिणी झोका घेत, गाणी म्हणत, आणि झोका उतरायच्या आधी प्रत्येकीला उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागे, त्या दिवशी तेवढी मोकळीक. सुटका नाही. कुणी तापीचं पाणी जुळवून नाव घेई, कुणी मांड्यातला गूळ. धनुबाईचा झोका झाला आणि ती उतरू लागली. तिला कुणी अडवलं नाही. टाकलेल्या बाईला नाव विचारू नये एवढी समज सगळ्यांना होती.

पण गावात एक नवी सून आली होती, खापर गावाकडची. तिला कोण कुठलं काही ठाऊक नव्हतं. तिनं झोक्याचा दोर धरून ठेवला. "मावशी, तू नाव लिधं नही! नाव ले, मंग उतर."

कुणीतरी त्या पोरीचा पदर ओढला. धनुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लेस मी." तिला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. एकदा घेतलं होतं, तसं आणखी एकदा. तांब्या, बादली. तिनं तोंड उघडलं.

नाव आलं नाही.

ती पुन्हा म्हणू गेली. ओठ जुळले आणि तिथंच थांबले. कान तापले. मानेवरून काहीतरी गरम वर सरकत गालांवर आलं. समोर एवढ्या बायका आहेत, आपला झोका थांबलेला आहे, आपण वयानं मोठ्या आहोत, आणि आपला माणूस दुसरीकडे आहे, हे सगळं एकदम अंगावर आलं. तिचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर पुढे ओढला, आणखी पुढे ओढला, पार नाकापर्यंत. पदराआडून ती कशीबशी म्हणाली, "नही लेवात वं माय. माले लाज ई ऱ्हायनी."

आणि मग ती रडायला लागली. आधी नवऱ्यासाठी की पोरीसाठी, ते तिलाही कळलं नाही. पोरीचं नाव मात्र तिला घेता आलं. ते ती घेत राहिली. दोर धरलेली ती सून घाबरून गेली, "मी काय करं? मी काय करं?" असं प्रत्येकीला विचारू लागली.

चुलत आजी आता फार थकली होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती काठी टेकत जवळ आली, चाचपून धनुबाईचा गाल शोधला, तोच गाल, आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आडवू नका तिले," ती बायकांना म्हणाली. "झोके थांबाडा आनी रडू द्या."